ग्रंथालयाचं जळकं दार

"मला तुमच्याकडच्या भावजींनाच भेटायचंय," आलेल्या बाई म्हणाल्या. "बाईंना नाही."

भावजींना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. खाजगी तपासाच्या त्या कचेरीत मुद्दाम त्यांना भेटायला आजवर कोणी आलं नव्हतं. दारावरची पाटी त्यांच्या थोरल्या भावाच्या नावाची. भाऊ गेला, पाटी राहिली, काम वहिनी बघू लागल्या. खरं म्हणजे भाऊ होता तेव्हाही त्याच बघायच्या. भाऊ फक्त सही करायचा. आता सही भावजी करत. वहिनी त्यांना भावजी म्हणत, म्हणून सगळं गाव त्यांना भावजी म्हणे.

"बसा ना," भावजी म्हणाले आणि बाह्या सरळ केल्या.

बाई पन्नाशीच्या, नीटनेटक्या, पण डोळे रात्रभर जागल्यासारखे. जुन्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या इमारतीत आता संग्रहालय होत होतं. त्या त्याच्या संचालिका. उद्या उद्घाटन होतं आणि आज सकाळी तिथली सगळ्यात महत्त्वाची वस्तू जागेवर नव्हती.

"कुठली वस्तू?"

"दार."

"दार मोडलं?"

"नाही हो. दारच चोरीला गेलं."

आतल्या खोलीत टेबलपंखा दुरुस्त करत बसलेल्या वहिनी हातात पेचकस घेऊनच बाहेर आल्या. अंगाने किडकिडीत, आणि समोरच्या माणसाकडे बघायच्या ते बाजारात शिळी भाजी बघितल्यासारखं.

"दार कोण चोरतं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही कशाला त्रास घेता," संचालिका घाईने म्हणाल्या. "भावजी एकटे आले तरी चालेल. आमच्या समितीचे अध्यक्ष पोलिसांना बोलवा म्हणत होते, पण उगाच बातमी होईल. साधी चौकशी झाली की पुरे."

"भावजी एकटे गेले की मग त्यांना शोधायला मला जावं लागतं," वहिनी म्हणाल्या. "काय आहे ते दार?"

संचालिकांनी पिशवीतून गुळगुळीत कागदाची एक पुस्तिका काढली. वहिनींनी ती उभ्याउभ्याच चाळली आणि मधूनमधून मोठ्याने वाचली. इमारत शंभराहून जास्त वर्षांची. सगळी दारं एकाच कारखान्यात, एकाच मापाने घडवलेली. चाळीसेक वर्षांपूर्वी शिपायाने टाकलेल्या सिगारेटमुळे वाचनाच्या दालनात आग लागली. तेव्हाच्या ग्रंथपालांनी जिवावर उदार होऊन दुर्मिळ ग्रंथांची खोली उघडली आणि पुस्तकं वाचवली. त्या खोलीचं जळकं दार हे संग्रहालयाचं मुख्य आकर्षण.

"हे शूर ग्रंथपाल आता कुठे असतात?"

"माझ्या घरी," संचालिका म्हणाल्या. "ते माझे वडील. उद्या उद्घाटन त्यांच्याच हस्ते आहे."

"आणि ग्रंथालयातली पुस्तकं कुठे गेली?"

"काही गोदामात आहेत. बरीचशी रद्दीत दिली. जागा हवी होती."

"म्हणजे ग्रंथालयाचा इतिहास दाखवायचा म्हणून ग्रंथ तेवढे बाहेर काढले." वहिनींनी पुस्तिका भावजींच्या हातात कोंबली. "चला भावजी. असली हुशार माणसं एका छपराखाली रोज बघायला मिळत नाहीत."

भावजींनी वाटेत पुस्तिकेतला दाराचा फोटो नीट बघितला. एकाच पाखाचं जाडजूड सागवानी दार, वरपासून खालपर्यंत कोळसा झालेलं. एका कडेला मात्र वीतभर चौकोनी तुकडा लाकडाच्या मूळ रंगाचा राहिला होता, कोणी तेवढाच झाकून ठेवावा तसा.

"छपाईत डाग पडलाय," भावजी म्हणाले.

"असेल," वहिनी म्हणाल्या.

*

संग्रहालयासमोरचा रस्ता नळ टाकायला खणून ठेवला होता. फळकुटावरून तोल सावरत एकेकाने आत जायचं. फाटकाशी पहारेकरी खुर्ची टाकून बसला होता.

"काल इथून काही बाहेर गेलं?" वहिनींनी विचारलं.

"माणसं गेली. आणखी काय जाणार? इथे हातगाडी येत नाही की टेम्पो येत नाही. सामान आत न्यायचं तर चौघं लागतात, आणि शिव्या मला."

"मागचं दार?"

"विटांनी बुजवलंय. पंधरवडा झाला. अध्यक्षांना तिकडे कारंजं पाहिजे होतं."

"झोपला होतास का रे?"

"झोपलो असतो तरी खुर्ची या फळकुटावरच होती, बाई. मला ओलांडून दार नेणारा माणूस अजून जन्मायचाय."

वहिनींनी मान हलवली. खोटं बोलायला जेवढी अक्कल लागते तेवढी या माणसाकडे नाही, एवढाच त्या मान हलवण्याचा अर्थ होता.

वाचनाचं जुनं दालन प्रशस्त होतं. टेबलं गेली होती, कपाटं गेली होती. काचेच्या पेट्यांतून चष्मे, दौती, शिक्के आणि कोणाची तरी काठी मांडली होती. एका भिंतीशी रिकामी लोखंडी घडवंची होती. दार तिच्यावर भिंतीला पाठ लावून उभं असायचं. बाजूला एक बटण. भावजींनी ते दाबलं आणि भिंतीतून म्हाताऱ्याचा भरदार आवाज आला.

"माझ्यामागे सगळं दालन पेटलं होतं. मी किल्ली लावली. त्या खोलीची किल्ली फक्त माझ्याकडे असे. दार उघडलं तेव्हा आत धूरसुद्धा शिरला नव्हता. मी एकेक ग्रंथ छातीशी धरून बाहेर आणला..."

भावजींच्या अंगावर काटा आला. "काय माणूस असेल हो, वहिनी."

"आवाज चांगला आहे," वहिनी म्हणाल्या.

तेवढ्यात अध्यक्ष आले. गावात त्यांचे चार बंगले होते आणि पाचवा चालू होता. सार्वजनिक काम म्हणून त्यांनी संग्रहालय हाती घेतलं होतं. हे ते स्वतःच सांगत.

"हा कट आहे," ते म्हणाले. "माझ्या विरोधकांचा. उद्या माझं भाषण आहे हे त्यांना ठाऊक आहे."

"तुमचं भाषण बंद पाडायचं तर भोंगा चोरला असता," वहिनी म्हणाल्या. "दार शेवटचं कधी बघितलंत?"

"काल दुपारी. मी मिस्त्रीला सांगून गेलो की आज सकाळी पहिल्यांदा ते दार तासून घे. पार वरचा कोळसा काढून टाक. मग काळं चकचकीत रोगण दे आणि मधोमध समितीची पितळी पट्टी ठोक. असलं भकास लाकूड पाहुण्यांना काय दाखवायचं?"

"आग लागल्याची खूण म्हणून ठेवलेल्या दारावरची आगीची खूण तुम्ही काढणार होतात."

"दिसायला बरं नको का?"

वहिनींनी त्यांच्याकडे आणखी एकदा बघितलं आणि मग बघायचं सोडून दिलं.

मिस्त्री माडीवर काच बसवत होता. भावजींनी विचारलं, "काल इथून शेवटी कोण गेलं?"

"मी. बाईंनी सांगितलं तोवर काम केलं."

"काय काम केलं?"

"बिजागऱ्या बसवल्या, कोयंडे ठोकले, कचरा काढला. सांगतील ते करतो."

"दार चोरताना कोणाला बघितलंस?"

"चोरताना कोणाला नाही बघितलं," मिस्त्री म्हणाला आणि पुन्हा काचेला लागला. भावजींना वाटलं, माणूस सरळ आहे. वहिनींनी काहीच विचारलं नाही.

मग संचालिकांच्या खोलीत बसायचं ठरलं. दार लावून घेताना भावजींची बाही कशात तरी अडकून टर्रकन फाटली. दाराच्या आतल्या अंगाला कुलपाची लोखंडी पेटी ठोकलेली होती, चांगली जाड, कोपरे टोकदार.

"सगळ्या दारांना असलंच आहे," संचालिका ओशाळून म्हणाल्या. "जुनी पद्धत. पेटी आतून, बाहेर फक्त किल्लीचं भोक."

"शर्ट नवा होता," भावजी म्हणाले.

कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत जुने ग्रंथपाल बसले होते. उद्याची तालीम करायला मुलीने त्यांना आणलं होतं. पांढरेशुभ्र कपडे, ताठ मान, आणि उजव्या हाताची दोन बोटं हळद लागल्यासारखी पिवळी. त्यांनी खिशाकडे हात नेला तशी संचालिका म्हणाल्या, "बाबा, इथे नको." हात खाली आला.

"दार मिळालं नाही तरी अडत नाही," ग्रंथपाल म्हणाले. "लोक माझं ऐकायला येणार आहेत."

"तुम्हाला ते दार परत बघावंसं वाटत नाही?" वहिनींनी विचारलं.

"लाकडात काय बघायचंय?"

"सिगारेट टाकणाऱ्या त्या शिपायाचं पुढे काय झालं?"

"काढून टाकलं त्याला. मी म्हणालो, पोलिसांत देऊ नका, गरीब आहे. त्याचे उपकार मानायला तो कधी आला नाही." ग्रंथपालांनी हसून मान हलवली, जगाच्या कृतघ्नपणाची सवय झाल्यासारखी. "त्याच्या मुलीला हिने इथेच नोकरी दिलीय. तिकिटांच्या खिडकीत बसते. मला विचारलं असतं तर नको म्हणालो असतो."

"तुम्ही का दिली?" वहिनींनी संचालिकांना विचारलं.

"गरजू होती," संचालिका म्हणाल्या. त्यांनी टेबलावरची टाचणी उचलली आणि पुन्हा ठेवली. "गेल्याच महिन्यात. गोदामातून सामान आलं, मी ते पुसूनबिसून लावत होते, तेव्हाच."

*

तिकीट देणारी बाई खिडकीत नव्हती. ती पायऱ्यांवर अनवाणी बसली होती.

"चपला जिन्याखालच्या अडगळीत राहिल्या," ती म्हणाली. "इतके दिवस उघडीच असायची खोली, सगळे तिथेच सामान टाकायचे. काल संध्याकाळी बघते तर कुलूप. आज किल्ली मागितली तर बाई म्हणतात उद्या देते."

"चोरी झाल्यावर कुलपं लागणारच," भावजी म्हणाले.

"चोरी सकाळी कळली ना?" ती म्हणाली. भावजींनी विचार केला आणि विषय बदलला.

"दार जावं असं तुम्हाला वाटत असेल. वडिलांची रोज बदनामी."

"मी रोज त्या दालनात जाते. काम करणाऱ्यांपैकी कोणीतरी बटण दाबून बघतंच. ऐकून घेते. सवय आहे." तिचा आवाज कोरडा होता. "बाबा सिगारेट ओढत नव्हते. चुलीच्या धुरानेसुद्धा त्यांना ठसका लागायचा. हे आम्ही कितीदा सांगितलं. लोक म्हणायचे, घरी ओढत नसेल."

"त्या दिवसाबद्दल ते काय सांगायचे?" वहिनींनी विचारलं. त्यांचा आवाज सकाळपासून पहिल्यांदाच साधा झाला होता.

"सांगून काय उपयोग? त्यांनी जन्मभर सांगितलं, लोक जन्मभर हसले. शेवटी तेही सांगायचे थांबले. मी नाही आता ते परत हसण्यावारी नेऊ देणार."

"आगीत भाजले होते का?"

"हात भाजले होते. आणि उजवा खांदा निखळला होता त्याच दिवशी. नीट बसलाच नाही परत. केस विंचरायलासुद्धा हात वर जायचा नाही."

"पडले होते?"

"नाही," ती म्हणाली. "पडले नव्हते."

आत परतताना वहिनी जिन्यापाशी थांबल्या. जिन्याखाली सागवानी दार होतं, इमारतीतल्या बाकी दारांसारखंच; तोच तपकिरी रंग, तेच किल्लीचं भोक. फक्त वर कोयंडा घालून एक चकचकीत कुलूप लावलं होतं. खाली फरशीवर लाकडाचा ताजा भुसा पडला होता. दमलेल्या भावजींनी दाराला टेका दिला आणि पाठीला खडबडीत लागलं म्हणून हात फिरवला. छातीच्या उंचीवर लाकडात गोल गोल खोचा पडल्या होत्या, किल्लीच्या भोकाजवळ जास्त दाट.

"बघा, सामान नेणाऱ्यांनी कसं ठोकून ठेवलंय," ते म्हणाले. "काडीची काळजी नाही लोकांना."

वहिनींनी एका खोचेत बोट घालून पाहिलं. तिच्यात जुना, घट्ट बसलेला मळ होता.

"भावजी, सगळ्यांना दालनात बोलवा," त्या म्हणाल्या. "मिस्त्रीलाही. त्याला पेचकस घेऊन यायला सांगा."

*

सगळे रिकाम्या घडवंचीभोवती जमले. ग्रंथपालांना खुर्ची दिली. अध्यक्ष घड्याळ बघत होते. तिकीटवाली दाराशी उभी राहिली, आत आली नाही.

"दार चोरीला गेलेलं नाही," वहिनींनी सुरुवात केली. "ते या इमारतीतून बाहेर जाऊच शकत नव्हतं. मागची वाट बुजवलेली, पुढच्या वाटेवर फळकूट आणि फळकुटावर पहारेकरी. तेव्हा दार आतच आहे. आता ते कोणाला हवं होतं? ज्याला ते नष्ट करायचं होतं, त्याला काहीच करायची गरज नव्हती. आज सकाळी अध्यक्ष ते तासूनच घेणार होते. स्वस्थ बसलं तरी पुरे. म्हणजे ज्याने दार हलवलं, त्याला ते जसंच्या तसं राहायला हवं होतं."

"म्हणजे चोराला दाराचं प्रेम?" अध्यक्ष हसले.

"तुमच्यापेक्षा जास्त. पण एवढं मोठं दार लपवायचं कुठे? पेटीत मावत नाही, पडद्यामागे राहत नाही. दार फक्त एकाच ठिकाणी कोणाच्या डोळ्यावर येत नाही. चौकटीत."

सगळ्यांच्या नजरा दालनाच्या दाराकडे गेल्या.

"तुमच्याच पुस्तिकेत छापलंय, सगळी दारं एका मापाची. म्हणजे हे दार कुठल्याही चौकटीत बसतं. जिन्याखालची अडगळ उघडी असायची, तिच्या चौकटीला दारच नव्हतं. तिला काल संध्याकाळी कुलूप लागलं, चोरी कळायच्या आधी. खाली ताजा भुसा आहे. मिस्त्री, काल बिजागऱ्या कुठे बसवल्यास?"

"जिन्याखाली," मिस्त्री म्हणाला. "जळकी बाजू आत ठेव म्हणाल्या, ठेवली."

"मग सकाळी सांगितलं का नाहीस?" अध्यक्ष ओरडले.

"चोर बघितला का विचारलं. चोर नाही बघितला."

भावजींचे कान तापले. तो प्रश्न त्यांचाच होता.

"किल्ली कोणाकडे आहे ते तिकीटवाल्या ताईंनी सांगितलंच आहे," वहिनी म्हणाल्या. "संचालिकाबाई, तुम्ही स्वतःच दार लपवलंत. अध्यक्ष पोलीस म्हणाले, तशा तुम्ही माझ्याकडे धावलात. माझ्याकडे नाही, भावजींकडे. ज्याला काही सापडणार नाही असा माणूस तुम्ही मुद्दाम निवडलात."

संचालिका खाली बघत राहिल्या. भावजींनी फाटकी बाही दुसऱ्या हाताने झाकली.

"पण का?" अध्यक्षांनी विचारलं. "हिच्या वडिलांच्याच पराक्रमाचं दार."

"ते उघडून बघू. मिस्त्री, दार काढून आण."

मिस्त्री आणि पहारेकऱ्याने दार आणलं. वहिनींनी ते भिंतीला टेकवू दिलं नाही. दालनाच्या मधोमध उभं धरायला लावलं. एक बाजू तपकिरी, दुसरी कोळसा.

"आता नीट बघा. बघायचे कष्ट चाळीस वर्षांत कोणी घेतले नाहीत. जळक्या बाजूवर हा चौकोन का जळला नाही? भावजींना वाटलं, छपाईचा डाग आहे. इथे कुलपाची पेटी होती. लोखंडाखालचं लाकूड वाचलं. पुढे गोदामात पेटी कोणीतरी काढून नेली. आणि या इमारतीत पेटी कुठल्या बाजूला असते?"

"आतून," भावजी म्हणाले. बाहीच बोलली म्हणायची.

"आतून. म्हणजे जळालेली बाजू खोलीच्या आतली आहे. आणि ही दुसरी, दालनाकडची. हिचा रंगसुद्धा उडालेला नाही. ग्रंथपालसाहेब म्हणतात दालन पेटलं होतं आणि आत धूरही नव्हता. दार म्हणतं, आग आत लागली."

"आग लागली तेव्हा दार उघडं असेल," अध्यक्ष म्हणाले. "मग आतली बाजूही जळेल."

"दार आत उघडतं. उघडं असतं तर आतली बाजू भिंतीला चिकटली असती आणि झळ या रंगवलेल्या बाजूला लागली असती. नाही, दार बंद होतं आणि आग आत होती. आता या खोचा बघा. गोल, एका मापाच्या, जुन्या. लोखंडी स्टुलाच्या पायाच्या असाव्यात. सगळ्या बाहेरून, कुलपाच्या जागेवर. कोणीतरी बाहेरून दार फोडलं. किल्ली एकच, ती साहेबांकडे. साहेब बाहेर असते तर किल्ली लावून दार उघडलं असतं. मग फोडावं का लागलं?"

उत्तर सगळ्यांना कळलं होतं. बोलून मात्र ते वहिनींनीच दाखवलं.

"कारण साहेब आत होते. कुलूप आतून लावून. फोडणाऱ्याचा खांदा निखळला, हात भाजले. त्याने साहेबांना बाहेर ओढलं, हाताला लागली ती पुस्तकंही ओढली. आणि दुसऱ्या दिवशी आग लावल्याचा आळ त्याच्यावर आला. धुराने ठसका लागणाऱ्या माणसावर, सिगारेटचा. साहेबांची बोटं बघा म्हणजे सिगारेट कोणाची ते विचारावं लागणार नाही. ग्रंथालयात ओढायला बंदी, म्हणून साहेब कुलूप लावून ओढत होते. ग्रंथांच्या खोलीत."

ग्रंथपालांनी पिवळी बोटं मुठीत घेतली. "डोळा लागला होता," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "मी तरुण होतो. पुढे सगळं आयुष्य होतं."

"त्यांच्याही पुढे होतं," दारातून तिकीटवाली म्हणाली.

अध्यक्ष खाकरले. "हे बघा, उद्या उद्घाटन आहे. पाहुणे येतायत. हे आपण नंतर बघू."

"तुम्ही बघूच नका," वहिनी म्हणाल्या. "तुम्हाला बघून काही दिसत नाही." मग त्या संचालिकांकडे वळल्या. "दार लपवलंत त्याला मी नावं ठेवत नाही. ते तासायचं वाचलं. पण पुढे काय? दार पुसताना तुम्हाला सगळं कळलं, तेव्हा तुम्ही काय केलंत, तर त्या माणसाच्या मुलीला खिडकीत बसवलंत. म्हणजे उद्यापासून तिने रोज आपल्या बापाच्या बदनामीची तिकिटं फाडायची आणि तुमचं मन हलकं व्हायचं. तोंड उघडायचं सोडून तुम्ही सगळं केलंत."

संचालिका रडतील असं भावजींना वाटलं. त्या रडल्या नाहीत. दाराभोवती एक फेरी घालून मिस्त्रीला म्हणाल्या, "हे असंच मधोमध उभं कर. दोन्ही बाजू दिसल्या पाहिजेत. आणि ते बटण काढून टाक."

"मला घरी ने," ग्रंथपाल म्हणाले.

"पहारेकरी सोडतील तुम्हाला, बाबा. मला इथे काम आहे."

परत जाताना फळकुटावर भावजी थांबले. "मला मुद्दाम निवडलं, हे तुम्हाला सकाळीच कळलं होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बाह्या सरळ करत होतात," वहिनी म्हणाल्या. "पडाल, खाली बघा."

*

उद्घाटनाला गर्दी झाली. दार मधोमध उभं होतं, पाटी नवी होती. ग्रंथपाल येणार नाहीत अशी वहिनींची खात्री होती. ती चुकली. ते आले, पांढरेशुभ्र कपडे घालून, आणि कोणी बोलावण्याआधी माइकसमोर उभे राहिले.

"आज मी एक सत्य सांगणार आहे," ते म्हणाले. आवाज तोच, भरदार. आगीचा लोळ, कोंडलेला श्वास, मृत्यूची चाहूल, बाहेरून होणारे घाव, आणि दार फोडून आत आलेला तो साधाभोळा शिपाई. त्याने मला उचललं. तो वाचलेला मी. मरणाच्या दारातून परत आलेला मी. म्हाताऱ्याने डोळे पुसले. पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळे पुसले. अध्यक्षांनी तर रुमालच काढला. टाळ्या थांबेनात.

भावजींनीही टाळ्यांसाठी हात उचलले. त्यांनी वहिनींकडे बघितलं. वहिनींच्या तोंडावर असा भाव होता, की भावजींनी हात खाली घेतले.

"उपकार मानायचे, तेही ऐटीत," वहिनी पुटपुटल्या. "कबुलीतसुद्धा फोटो याचाच."

गर्दीतून वाट काढत तिकीटवाली पुढे आली. माइकपासून चार पावलांवर ती थांबली. तिने आवाज चढवला नाही, पण टाळ्या आपोआप विरल्या.

"साहेब, सगळं सांगितलंत," ती म्हणाली. "आग कशाने लागली, तेवढं राहिलं."

ग्रंथपालांनी मुलीकडे बघितलं. संचालिका जागच्या हलल्या नाहीत. मग ग्रंथपालांनी अध्यक्षांकडे बघितलं. अध्यक्ष रुमालाची घडी घालत होते. बाहेर खणणाऱ्यांच्या कुदळी ऐकू येत होत्या.

म्हाताऱ्याने माइकवरून तोंड बाजूला केलं आणि दोन शब्द म्हटले. ते फक्त पहिल्या रांगेला ऐकू गेले.

"माइकमध्ये सांगा," तिकीटवाली म्हणाली.